डाव्या पायात तेल नव्हतं: चिखली ते संग्रामपूर, सायकलवर

चिखलीहून संग्रामपूरला सायकलने जायचं ठरवलं तेव्हा लोकांना सांगायला मी एक कारण तयार ठेवलं होतं. सातपुड्याचा पायथा हिवाळ्यात बघण्यासारखा असतो, हे ते कारण. दुसरं मी स्वतःला सांगत होते. सायकलचा पुढचा शॉकअप नुकताच घरी खोलून साफ केला होता, त्याची लांबच्या रस्त्यावर परीक्षा घ्यायची होती. खरं कारण वैशाली होती.

वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मी एका दवाखान्यात रक्त तपासते. चार वर्षं आम्ही दोघींनी दर रविवारी चिखलीच्या आसपासचे सगळे रस्ते सायकलवर तुडवले. दीड वर्षापूर्वी तिची बदली संग्रामपूर तालुक्यात झाली. जाताना म्हणाली, "बदलीचे अर्ज सुरू झाले का लगेच भरतो. आलीच समज." अर्जाची मुदत या महिन्यात संपत होती आणि तीन आठवडे बाईंचा फोन 'नंतर बोलते'च्या पुढे सरकत नव्हता. अर्ज भरलास का, एवढंच विचारायचं होतं. फोनवर विचारलं असतं तर दोन सेकंदांत 'नाही' ऐकायला मिळालं असतं. म्हणून शंभर किलोमीटर सायकल चालवायची ठरवली. शहाणपण असंच असतं माझं.

आधी शॉकअपबद्दल, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. माउंटन बाईकच्या पुढच्या चाकाला दोन बाजूंनी दोन पाय असतात. वरच्या चकचकीत नळ्या खालच्या जाड नळ्यांत आत-बाहेर होतात. आत हवेचा दाब असतो आणि घर्षण होऊ नये म्हणून तळाशी थोडंसं तेल. वर्षातून एकदा हवा सोडायची, तळाचे दोन बोल्ट सैल करायचे, प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकून खालचा भाग ओढून काढायचा, काळं झालेलं तेल पुसायचं, स्पंजच्या कड्या नव्या घालायच्या, मग खालच्या भोकांतून प्रत्येक पायात दहा मिली तेल सोडून बोल्ट आवळायचे. पुण्याच्या दुकानात यासाठी सायकल आठवडाभर ठेवून घेतात. माझ्याकडे सिरिंजची कमी नाही आणि मोजून भरायची सवय आहे, त्यामुळे हे काम मी घरीच करते.

अडचण एकच. तेल सोडताना सायकल अशी तिरकी धरावी लागते की भोकं वर येतात, आणि बोल्ट बसेपर्यंत ती हलली तर तेल फरशीवर. म्हणजे काम दोघांचं. वैशाली धरायची, मी भरायचे. भरून झालं की मी मोठ्याने म्हणायचं, "डावा झाला." तिने वर्गात पाढा म्हणवून घ्यावा तसं विचारायचं, "काय झाला?" मी: "डावा झाला, बाई." एवढा तमाशा झाल्याशिवाय ती दुसऱ्या पायाला हात लावू द्यायची नाही. मला तेव्हा तिचा राग यायचा.

या वेळी मी सायकल ओढणीने खिडकीच्या गजाला बांधली. तेल भरलं, बोल्ट आवळले, छोट्या पंपाने हवा भरली. अर्ध्या तासाचं काम तीन तासांत, घरात रेडिओसुद्धा न लावता.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघाले. अमडापूरपर्यंत अंगातली थंडी जात नाही, हातमोजे न्याच. रस्ता आता चांगला आहे, पण ऊस आणि कापसाच्या गाड्यांना कडेची पट्टी आपल्या बापाची वाटते, त्यामुळे आरसा लावलेला बरा. दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर होती. उंद्रीला पोहे आणि चहा, पस्तीस रुपये. पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, मागितला तर देतात, न मागता देत नाहीत.

टपरीवर एक काका सायकलभोवती फेरी मारून आले.

"केवढ्याले पडली ताई?"

मी आकडा सांगितला. त्यांनी टोपी सरकवली. "एवढ्यात तं सेकंडची मोटारसायकल येते. कुठी चालल्या?"

"संग्रामपूर."

"एकट्याच?"

"हो."

"काऊन, कोणी आलं नाई का संगं?"

यात चौकशी होती, वाईट काही नव्हतं. पण 'कोणी आलं नाही' हे खरं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन टाकलं होतं. पैसे दिले आणि निघाले.

खामगावच्या अलीकडे घाट उतरताना पहिल्यांदा आवाज आला. पुढून, डावीकडून, करकर. ब्रेक दाबला की करकर, खड्डा आला की करकर. थांबून चाक हलवलं, बोल्ट तपासले, सगळं घट्ट. शॉकअप दाबला तर जात होता, पण जुनी कडी ओढावी तसा अडखळत. उतार संपेपर्यंत मी हळूहळू आले आणि खामगावच्या बायपासला एका झाडाखाली बसून बाटलीतलं उरलेलं तेल पाहिलं. बाटलीतून वीस मिलीच कमी झालं होतं, म्हणजे मोजमाप बरोबर होतं. मग उजेड पडला. दोन्ही वेळा मी उजव्याच पायात भरलं होतं. विचारायला कोणी नव्हतं, आणि माणूस एकटा असला की मोठ्याने बोलत नाही.

तेल, स्पंज, किल्ल्या, सिरिंज, पंप सगळं पाठीवर होतं, कारण वैशालीच्या सायकलचंही काम करून द्यायचा माझा बेत होता. तिथेच दुरुस्त करता आलं असतं का? धरायला माणूस हवा होता. समोरच्या पंक्चरवाल्याला हाक मारली असती तर तो आलाही असता. मी मारली नाही. मला ते काम वैशालीकडूनच हवं होतं, खोटं कशाला बोलू.

शेगावला कचोरी खाल्ली, ती न खाता पुढे जाणं पाप आहे. पण महत्त्वाची सूचना पाण्याची: सगळ्या बाटल्या शेगावातच भरा. पूर्णेच्या काठचा पट्टा खाऱ्या पाण्याचा आहे, वरवटला चहासुद्धा खारट लागला. पूर्णा ओलांडली की रस्ता सपाट, सरळ आणि कंटाळवाणा, समोर सातपुडा निळसर दिसत राहतो पण जवळ येत नाही. या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये चहा सांगण्यापलीकडे मी एकाही माणसाशी बोलले नाही. करकर मात्र सोबत होती.

वैशालीचं गाव संग्रामपूरच्या थोडं पुढे, संत्र्याच्या बागांना लागून. तीन वाजता पोहोचले. मी येणार हे तिला कळवलं नव्हतं. दारात तिची आई मिरच्या निवडत बसली होती.

"माय वं! अनू! सायकलीनं आली? वैशू, पाह्य कोण आलं!"

वैशाली बाहेर आली, मला पाहिलं आणि तिचा चेहरा आधी खुलला, मग बावरला. हा क्रम माझ्या लक्षात राहिला. तिची सायकल पडवीत भिंतीला टेकलेली होती. दोन्ही चाकांतली हवा गेलेली, हँडलला लसणाच्या जुड्या. जेवण झालं, शाळेच्या गप्पा झाल्या, तासाभरात शेजारच्या तीन बाया येऊन गेल्या आणि प्रत्येक जण तिला 'बाई' न म्हणता 'वैशू' म्हणत होती. चिखलीत ती सहा वर्षं राहिली, तरी तिथल्या शेजारच्यांना तिचं नाव माहीत नव्हतं.

ऊन कलल्यावर मी म्हटलं, "डाव्या पायात तेल नाही. धरतेस?"

अंगणात सायकल तिरकी करून तिने धरली. हवा सोडली, बोल्ट काढले. खालचा भाग थोडा ओढला तर डाव्या नळीवर कोरडे चरे, नशिबाने वरवरचे. जास्तीचं तेल उजवीकडून सांडू दिलं, पुसलं, सिरिंज भरली.

"अनू," ती सायकलच्या मागून म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. "म्या अर्ज भरला नाई."

सिरिंज भोकात होती. मी दांडा दाबत राहिले. चार, पाच, सहा.

"आईले इथी करमते. मलेबी. तुले सांगतलं नाई कारण तू वाट पाहून राह्यली, मले ठाऊक होतं. फोन आला का 'नंतर' म्हणून ठेवून देतो."

"आणि सायकल?"

"संध्याकाळी ह्या बायांसंगं फिराले जातो. पायी. सायकल एकटीले चालवावं नाई वाटत."

दहा. सिरिंज काढली. राग आला होता, खूप. मी एकटी शंभर किलोमीटर आले होते आणि तिला एकटीला चालवावंसं वाटत नव्हतं म्हणे. पण तिचे हात शॉकअपला तसेच घट्ट होते, तेलाचा थेंब हलू न देता.

"काय झाला?" ती म्हणाली.

"डावा झाला, बाई."

बोल्ट आवळले. हवा भरली, मग तिने सायकल सोडली आणि आम्ही दोघी तिथेच, तेलकट हातांनी, बऱ्यापैकी रडलो. तिच्या आईने दारातून पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

तिच्या सायकलचं काम मी केलं नाही. तेलाची बाटली मात्र तिच्याकडे ठेवली, परत न्यायला जड वाटत होती.

रविवारी त्याच रस्त्याने परतले. घाट चढताना दोन वेळा उतरून ढकलली, लाज वाटायचं कारण नाही, तुम्हीही ढकला. शॉकअप आता लोण्यासारखा चालतो. दोन दिवसांचा माझा खर्च चारशेच्या आत झाला. रस्ता बाईमाणसाला एकटीने जाण्यासारखा आहे, कुणी त्रास दिला नाही. शॉकअप घरी खोलणार असाल तर धरायला एक माणूस शोधा, कोणीही चालेल. मी अजून शोधलेला नाही.

सोबत काय आणलं, हे प्रवासवर्णनाच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. वैशाली तिकडे सुखात आहे आणि मला त्याचा आनंद झाला नाही, एवढं मी आणलं. हळूहळू होईल बहुतेक.

आणि एक गोष्ट. चिखलीत आम्ही पाण्याच्या टाकीपाशी भेटायचो, सकाळी सहाला. वैशाली कायम दहा मिनिटं उशिरा. ती गेल्यावरही दीड वर्ष, दर रविवारी, मी त्या टाकीपाशी दहा मिनिटं थांबूनच पुढे जात होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, वैशालीलाही नाही. परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सहाला टाकीपाशी पोहोचले, एक पाय खाली टेकला, उचलला आणि पुढे निघाले.