चढावर बॅटरी बंद

भावसिंगपुऱ्याच्या बन्सीकाकांकडं बॅटरीची सायकल आली, तेव्हा गल्लीला वाटलं, आता म्हातारा वाऱ्यावर उडणार. कसलं काय! सहासष्ट वर्षांचा हा गडी बटण बंद ठेवून, पायडल मारीत, धापा टाकीत जायचा. ती सायकल आधीच जड, त्यात बॅटरीचं ओझं आणि मागं कॅरिअरवर बायको, गोजरबाई. पानटपरीवरचा संघपाल हमखास टोचायचा, "काका, बैल गोठ्यात बांधून सोताच नांगर ओढायलात व्हय?" काका हसून पुढं जायचे. कुणी त्यांना चिकट म्हणालं, कुणी म्हणालं करंटाला भितो. लोकांची तोंडं कोण धरणार?

काकांनी तीस वर्षं बागेत माळीकाम केलं, सायकल कधी सोडली नाही. लग्न झाल्यापासून दर रविवारी सकाळी नवराबायको डबलसीट बुद्धलेणीला वंदनेला जायची. विद्यापीठामागचा तो चढ नवख्याचा घाम काढतो. मागल्या थंडीत गोजरबाईला फुफ्फुसाचा टीबी निघाला. तिला न्यायला-आणायला बाप दमू नये म्हणून पुण्याला नांदणाऱ्या लेकीनं, विशाखानं, ही सायकल धाडली.

पहिल्या रविवारी काकांनी कौतुकानं बटण दाबलं. चढ कधी सरला, कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मात्र ते त्या बटणाकडंच बघत बसले. चाळीस वर्षं त्यांच्या मांड्यांना या बाईचं वजन ठाऊक होतं. पोटुशी होती तेव्हाचं, तापातून उठली तेव्हाचं, सगळं. आणि ही मोटर लावली की कुणीही हलकंच लागणार! मग ती भरतेय का झिजतेय, हे कळायचं कसं? बॅटरीचं वजन ठरलेलं. कमीजास्त व्हायची ती एकटी गोजरबाई. त्या दिवसापासून बटण बंद.

दवाखान्यात महिन्याच्या महिन्याला वजन व्हायचं, नाही असं नाही. तिसऱ्या महिन्यात कार्डावर दोन किलो वाढ आली. सिस्टरनं शाबासकी दिली, विशाखाला फोन झाला, काका हरखले. पण रविवारी सायकल उलट सहजच चढून गेली आणि काका वळून वळून तिच्याकडं बघायला लागले. कार्ड खोटं कसं असेल? आणि पाय तरी कशाला खोटं बोलतील?

पुढच्या महिन्यात गोजरबाई शाल गुंडाळून काट्यावर उभी राहिली, तेव्हा शाल नीट करायच्या निमित्तानं काकांनी हात घातला. कमरेला फडक्यानं बांधलेल्या मिठाच्या पिशव्या हाताला लागल्या. किलोकिलोच्या तीन!

त्यांनी तिला बाहेर लिंबाखाली नेलं. तिथं सगळं बाहेर पडलं. विशाखाला सातवा महिना. आईचं वजन घटलं कळलं तर पोरगी तशीच धावत येईल आणि या खोकल्यात येऊन बसेल, म्हणून हे मीठ. वर गोळ्यांनी उलट्या होतात म्हणून दोनतीन दिवसांआड गोळ्या मोरीत जात होत्या, तेही तिनं मान खाली घालून सांगितलं. काकांनी रागानं तिच्या कमरेच्या पिशव्या सोडल्या.

"तुला काय झालं तर पोरीनं माहेर म्हणून कुठं यायचं?" ते म्हणाले.

मग तिचा हात धरून ते परत आत गेले, पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाई रागावल्या, उलटीचं औषध दिलं आणि गोळ्यांचे महिने वाढवले. तेव्हापासून गोळी गिळेपर्यंत काका समोरून हलत नसत. तोंड उघडून दाखव म्हणायचे. ती चरफडायची आणि आ करायची.

कितीतरी रविवार गेले, पाय काही बोलेनात. तिकडं विशाखाला मुलगी झाली, आजीनं नात फोनमध्येच बघितली. काका दर रविवारी चढाला लागले की श्वास धरायचे.

परवाच्या रविवारी अर्ध्या चढावर त्यांच्या मांड्या भरून आल्या. दात खाऊन रेटलं. सायकल डुलली आणि थांबली. या चढावर काका जन्मात पहिल्यांदा खाली उतरले. फिरायला आलेली माणसं वळून बघायला लागली.

"अवो, वय झालं आता. दाबा की ते बटण," गोजरबाई भोळा चेहरा करून म्हणाली.

"वय नाय गं." काकांचे डोळे भरले होते. "लई जड झालीस."

ती पदरानं त्यांचा घाम पुसायला लागली. "बुधवारी तुमी भाजीला गेल्यावर दवाखान्याची आशाताई वजनाचा काटा घिऊन आल्ती. एक्केचाळीस किलो भरले, मागल्या कार्डापरीस तीन जास्ती. मुद्दाम सांगितलं नाय. तुमच्या पायाला कळतंय का, बघाय लागले व्हते."

उरलेला चढ दोघं सायकल ढकलत चालत गेली.