एक लॅपटॉप, तीन जन्मतारखा

कंपनीनं लॅपटॉप दिला तेव्हा घरच्यांनी त्याला कुंकू लावून ओवाळलं. मी बियाण्याच्या कंपनीत जालना जिल्ह्याचा विक्री अधिकारी होतो. घर जुन्या जालन्यात, आणि घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. यंत्र म्हणायला मांडीवरचं, पण मांडीवर घेतलं की मांडी भाजायची आणि खांद्याला अडकवून मोटरसायकलवर टेंभुर्णी गाठली की खांदा कामातून जायचा. वीज जाण्याची वेळ निदान ठरलेली असे, बॅटरी संपण्याची नसे. निम्मा अहवाल लिहून झाला की पडदा काळा. मग पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त छळलं ते तारखेनं. हैदराबादच्या हेड ऑफिसातल्या कोणा शहाण्यानं त्यात तारीख अमेरिकन पद्धतीनं लावून दिली होती, आधी महिना आणि मग दिवस. मी सात जून म्हणून ७/६ लिहावं, तर त्यानं सहा जुलै समजावं. मृगात लावलेली कपाशी माझ्या अहवालात महिनाभर उशिरा उगवायची आणि वरचे साहेब फोनवर विचारायचे, "झोपला होतात काय?" ते बदलायला जावं तर यंत्र पासवर्ड मागायचं, आणि पासवर्ड हैदराबादला. शेवटी मीच तारीख उलटी लिहायची सवय लावून घेतली. माणसानं यंत्राला वळण लावायचं की यंत्रानं माणसाला, असं मी स्वतःशीच बडबडायचो.

त्यात दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, औरंगाबादहून पत्रिकेची सीडी आणली. जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की कुंडली तयार. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ती कंपनीच्या लॅपटॉपात घालूनही टाकली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! तेव्हापासून माझ्या ऑफिसात बियाण्यापेक्षा नवरदेवांचीच चौकशी जास्त. "साहेब, जल्दी न्हाई, पण पोरीचं तेवढं पाहून द्या," म्हणत माणसं बसून राहायची. गावोगावच्या जोशीबुवांवरचा विश्वास उडाला होता. कॉम्प्युटर काय खोटं बोलतो? मी अहवाल बाजूला सारून दातओठ खात कंपनीच्याच प्रिंटरवर लोकांचे मंगळ आणि शनी छापत बसायचो.

थोरला भाऊ टेंभुर्णीला शेती बघायचा. त्याच्या मुलीला परतूरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, पाहणं झालेलं, दोन्हीकडून पसंती. पोरगी इतकी हरखली होती की माझ्या बायकोला फोन करकरून शालूचा रंग विचारायची. राहिली होती फक्त पत्रिका. जोशीबुवांनी हातानं मांडलेली जुनी होती, तीत मंगळ नव्हता, पण मुलाकडच्यांना कॉम्प्युटरचीच हवी होती. ती न्यायला दादा सकाळी आमच्याकडे आला. परतूरची गाडी धरायची म्हणून उभ्या उभ्याच होता. मी आंघोळीला गेलेलो. दाजी चहा पीत बसले होते. "त्यात काय, मी काढून देतो की," म्हणाले. पोरगी सात मार्चची. दाजींनी ०७/०३ टाकलं, यंत्रानं ते तीन जुलै समजलं आणि सातव्या घरात मंगळ बसवून कागद बाहेर फेकला. मी डोकं पुसत बाहेर आलो तेव्हा दादा कागद खिशात घालून स्टेशनच्या रिक्षात बसलाही होता.

संध्याकाळी परतूरहून त्याचा फोन आला. "मुलीला कडक मंगळ हाय म्हणले. न्हाई म्हणले." त्याचा आवाज मला ओळखू येईना. मी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर तीन जुलै. डोक्यात सणक गेली. दाजींना जाब विचारला तर ते म्हणाले, "मी बराबर टाकल्ती. कॉम्प्युटर चुकत नसतो."

दुसऱ्या दिवशी सात मार्च टाकून नव्यानं छापलेली पत्रिका, जोशीबुवांची जुनी पत्रिका आणि लॅपटॉप असं सगळं लटांबर घेऊन मी दादाबरोबर परतूरला गेलो. मुलाचे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. जोशीबुवांच्या कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. कालचा आणि आजचा असे छापलेले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "साहेब, मशीन एक, पोरगी एक, अन् पत्रिका दोन. मंग खरी कोणती?" मी अमेरिका, महिना, दिवस असं काय काय समजावत राहिलो. बोलता बोलता ते माझं मलाच थापांसारखं वाटायला लागलं. त्यांनी शाळेचा दाखला मागितला. दादानं मोठ्या आशेनं काढून दिला, आणि हात दाखवून अवलक्षण! दाखल्यावर एक जून. आमच्या गावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना निम्म्या गावाचा जन्म एक जूनला उरकून टाकला होता. मराठवाड्यात हे कोणाला सांगावं लागू नये. पण त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मार्च, जून, जुलै. पोरगी जन्मली तरी किती वेळा?"

मुलगा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं तसा मान खाली घालून आत निघून गेला. त्या क्षणी मला त्याचा लॅपटॉपपेक्षा जास्त राग आला.

सोयरीक मोडली. पोरीनं माझ्या बायकोला फोन करणं बंद केलं. मी ती सीडी मोडून फेकणार होतो, पण प्रोग्राम यंत्रातच बसलेला. घालताना काही न विचारणारं यंत्र तो काढायला मात्र हैदराबादचा पासवर्ड मागत होतं.

बातमी परतूरहून निघून जालन्याला पोचेपर्यंत पार उलटी झाली. एक दुकानदार बियाण्याची ऑर्डर द्यायला म्हणून आला आणि दार लोटून हळूच म्हणाला, "आमच्याबी पोरीचा मंगळ तेवढा काढून टाका. तुम्ही पुतणीचा काढला म्हणे मशीनमधून." मी त्याच्यावर खेकसलो. तो बिलकुल रागावला नाही. "बराबर हाय, घरच्यांचंच करावं माणसानं," म्हणत निघून गेला. तसे आणखीही आले. सगळ्यांना मी तेच सांगत राहिलो आणि सगळे तसेच हसत गेले.

पुढच्या हंगामात वहिनी आल्या. बायको आत स्वयंपाकात होती. वहिनींनी माझ्या खोलीचं दार पुढं केलं.

"भाऊजी, पोरीला नवीन स्थळ आलंय. ती बिनमंगळाची पत्रिका काढून द्या. मी कोणापाशी बोलायची न्हाई."

"वहिनी, तिला मंगळ नाहीच. कधीच नव्हता. सात मार्चला तुम्हीच तर जन्म दिलाय तिला!"

"दिला की," त्या म्हणाल्या. "पण मशीनमधी निघाल्ता ना? आता खरं काय असंल ते असू द्या आपल्यापाशी."

मी तारीख उलटी टाकली, सात मार्च आलेला दोनदा बघितला आणि पोरीची खरी पत्रिका छापून त्यांच्या हातात दिली. वहिनींनी ती घाईघाईनं पदराआड धरली. उंबऱ्यात थांबून त्या माझी समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "जिवाला लावून घेऊ नका भाऊजी. पोरीसाठी केलंत तुम्ही. देव याचं पाप लावायचा न्हाई."