लाल चादरीतला हिरवा पट्टा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘आजी, इंग्रजीत व्हिम म्हणजे काय?’ मी ‘लहर’ असं सांगून मोकळी झाले. आज शेजारच्या काकांच्या कारखान्याला कुलूप लागलेलं पाहिलं आणि वाटलं, उत्तर फारच अपुरं दिलं.

व्हिम म्हणजे शेजारचे काका. विचार करण्याच्या त्रासापासून इतका मुक्त राहिलेला माणूस सबंध सोलापुरात दुसरा नसेल. भाजी आणायला गेले आणि शेळी घेऊन आले. एकदा अर्धी दाढी झाली असताना त्यांना हुरड्याची हुक्की आली, तर तोंडाला साबण तसाच ठेवून मोहोळच्या एसटीत बसले. शब्दाचा वापर लक्षात ठेवा: व्हिम आपोआप येतो आणि त्याला कारण विचारायचं नसतं. काकू मात्र रोज विचारायच्या. त्यांच्या घरात तेलुगू चाले, पण नवऱ्याला रागवायचं ते मराठीत. शेजाऱ्यांची गैरसोय नको.

काकांचे यंत्रमाग बंद पडायच्या बेतात होते, तेव्हा एका व्यापाऱ्यानं नमुन्याची चादर मागितली. पूर्ण लाल. पसंत पडली तर वर्षभराचं काम, नाहीतर कुलूप. काकू मागाशेजारी पहाऱ्यालाच बसल्या. चहा गाळायला म्हणून आत गेल्या, तेवढ्यात काकांनी आडवा धागा विणणाऱ्या धोट्यात हिरव्या सुताची कांडी घातली.

“हे काय केलं वो?”

“लाल लई व्हायलंय की. जरा हिरवं असू दे.”

“त्यानं लाल मागितलंय. तुमाला इचारलंय का कुणी?”

“बघ तर. त्याला बी आवडंल.”

व्यापाऱ्याची अभिरुची तितकी प्रगत नव्हती. चादर परत आली. काका ती काखेत मारून तडक माझ्याकडे आले. “वहिनी, नातवंडांना धाडा. तिकडं थंडी लई असतीय म्हणं.” चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधला; सापडला नाही.

मागच्या आठवड्यात माग भंगारात गेले. काल दोघं पुण्याला लेकीकडे राहायला गेली. काका रिक्षात आधीच बसून रिक्षावाल्याला भलताच रस्ता सुचवत होते. काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि हळूच विचारलं, “ती चादर पोरं वापरतात का वो?”

“रोज,” मी म्हटलं.

“हिरवं बरं दिसत होतं तसं. पण ह्यांना सांगू नका.”

मी काकांना सांगितलं नाही. किल्ली माझ्याकडे आहे आणि चादर तुमच्या पलंगावर.