अजून निघत नाही

कतारमधल्या दुखानच्या कॉलनीत आमचा एसी दुरुस्त करायला येणारा मिस्त्री साताऱ्याकडचा. मी घराण्यातला पहिला पदवीधर. त्याचं वाक्यागणिक 'साहेब' मला आवडायचं. तो कधी चहाला थांबायचा नाही. काम झालं की हात पुसत "खलास!" म्हणायचा आणि निघायचा.

त्या दुपारी ब्लोअरचं चाक मोटरच्या दांड्यावर गंजून बसलं होतं. स्क्रू सैल करून, तेल सोडून तो हलके ठोके देत होता. माझी छोटी मुलगी त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"काका, चाकाला दुखतं का?"

"दुखतंय की गं. म्हून तर हळू मारतोय."

"बाबा पण हळूच मारतात."

तो खो खो हसला. हिच्याएवढीच मुलगी गावी ठेवून तो इकडं आला होता.

दोघांच्या गप्पांत बराच वेळ झाला, म्हणून मी मदतीला चाक धरलं. ते मोकळंच होतं, सहज सरकलं. त्यानं ते पटकन मागं ढकललं आणि चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली.

"अजून निघत न्हाई, साहेब."

तोंडावर बोलायची माझी सवय. पण न विचारता कुणाच्या घरात डोकावल्यासारखी मलाच लाज वाटली. "घाई नाही," मी म्हणालो, "चहा घेऊनच जा."

त्यानं चहा घेतला, पण मान वर केली नाही. निघताना "खलास" म्हणाला नाही. त्यानंतर आमच्याकडची तक्रार गेली की तो दुसऱ्या मिस्त्रीला पाठवायचा.