चाचांच्या गिटारची खंडेनवमी

आधी चहा ओता. कोरड्या घशानं कबूल करण्यासारखा हा गाढवपणा नाही!

मी तेव्हा मोखाड्याकडच्या शाळेत मास्तर होतो आणि राहायला जव्हारला. रोज एसटीच्या खिडकीशी बसून स्वप्नं बघायची, हा माझा खरा व्यवसाय. घाटात धुकं उतरलं की मला त्यात स्टेज दिसायचं. स्टेजवर मी, खाली माणसंच माणसं. मोखाडा स्टँड आल्यावर कंडक्टर हलवून उठवायचा.

गावात आमचा हौशी ऑर्केस्ट्रा होता; मी त्यात फक्त तालमीपुरती साधी गिटार वाजवायचो. त्यात बेस गिटार वाजवायचे इस्माईलचाचा टेलर. तरुणपणी मुंबईत शिवणकाम करता करता त्यांनी ती जुनी चार तारांची गिटार मिळवली होती. पण त्या वर्षी त्यांची बोटं आखडली. सुई धरवेना, तर तारा कुठून दाबणार?

एका संध्याकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं. छोट्या अॅम्प्लिफायरला गिटार जोडली आणि एकच सूर छेडला.

काय सांगू! आवाज कानात आलाच नाही, आधी पोटात उतरला. दाभोशाचा धबधबा दिसायच्या आधी पायाखाली जाणवतो ना, तस्सा. मऊ, गोल, जाडजूड. मी तिथंच स्टुलावर हरवलो.

"मास्तर, दसऱ्याच्या प्रोग्रामला तू वाजव," चाचा म्हणाले. "उम्रभर हिच्या पाठीमागं उभा राहिलो. समोर खुर्चीत बसून कधी ऐकलीच नाही. एक बार ऐकायचीय."

"चाचा, जिवापाड जपीन!"

"जपू नको. जशी आहे तशी वाजव, बस."

तेवढंच ऐकायला हवं होतं हो मी. तेवढंच!

घरी अॅम्प्लिफायर नव्हता, त्यामुळे महिनाभर मी नुसतीच बोटं चालवली. आणि जसजसा निरखत गेलो, तसतशी मला त्या गिटारची दया यायला लागली. तारा काळ्या पडलेल्या, घासून घासून पार गुळगुळीत, जणू चपटी पट्टी गुंडाळलीय. खालच्या टोकाला, तारांच्या पोटात, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक मळकट तुकडा अडकलेला. आणि दोन बटणांपैकी एक तर चक्क कोटाच्या दोऱ्यानं बांधून ठेवलेलं! मला वाटलं, म्हातारपणी चाचांना दिसत नसेल.

आता खंडेनवमीला आपण काय करतो? सुतार करवत घासतो, शेतकरी कोयता घासतो, झेंडू वाहतो. मग मी माझं शस्त्र मळकं ठेवू?

ठाण्याच्या एसटीच्या कंडक्टरला आधीच चिठ्ठी दिली होती, 'बेसच्या तारा, सर्वांत चकचकीत.' त्या आल्या. हाताला कानशीसारख्या खरखरीत, पण काय झळाळी! जुन्या तारा काढून त्यांवर परसात दोडक्याचा वेल चढवला. दोरा कापून बटण पूर्ण उघडलं. मग चिंच घेतली आणि तो नमद्याचा तुकडा काढून त्यानंच सगळी पितळं घासली. तुकडा काळाकुट्ट झाला, तो सुनंदानं पाण्याच्या बंबात टाकला. सुनंदा म्हणजे आमची बायको.

"अहो, विचारलंत का चाचांना?"

"सरप्राइज आहे!"

दसऱ्याला दिवस कलताना मैदानात माणूस मावेना. मी लग्नातला कोट घातला होता, चाचांनीच शिवलेला. चाचा पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, हात मांडीवर. आमच्यानंतर तारप्याचा, भोपळ्याच्या त्या लांब फुंकवाद्याचा, नाच होता. दाभोशाचा म्हातारा तारपावाला स्टेजच्या कडेला बसून होता.

वायर जोडली. आवाज तपासायला मी डोळे मिटून, धबधबा मनात आणून तार छेडली.

टण्ण्ण्ण!

कुणीतरी स्टीलची ताटं जिन्यावरून सोडली म्हणा ना! पुढची दोन पोरं रडायला लागली. चाचांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं.

चाचा स्टेजवर चढले. वाकून बघितलं.

"पॅड कुठाय?"

"कसलं पॅड? ती चिंधी? बंबात..."

"चिंधी? माझ्या पहिल्या कोटाचं खांद्याचं पॅड होतं ते! सूर लांबत राहू नये म्हणून लावलेलं. तारा?"

"दोडक्याला."

"अरे, चपट्या तारा होत्या त्या! पंधरा साल हाताचं तेल पिलेल्या! आणि बटण मुद्दाम बांधलं होतं, तीखापन निघू नये म्हणून. मी हिला अंगाबरोबर ऑल्टर केली होती, मास्तर. तू शिलाई उसवलीस!"

तारपावाला हळूच म्हणाला, "मास्तर, तारप्याचा सूर धरनारं मेण कुनी खरवडतं का?"

धरणीमातेनं पोटात घेतलं असतं तर कोटासकट गेलो असतो.

चाचांनी बटण शेवटपर्यंत फिरवून बंद केलं. मग बाजूच्या गाडीवरून भजी मागवली.

"खा. हात धुवायचे नाहीत. तारांना चोळ."

हजार माणसांसमोर मी भजी खाऊन गिटारला तेल लावत होतो! तोवर चाचांनी खिशातून कात्री काढली. टेलरच्या खिशात दुसरं काय असणार? आखडलेल्या बोटांनी माझ्या कोटाचं अस्तर उसवलं, डाव्या खांद्याचं पॅड ओढून काढलं आणि तारांखाली दडपलं.

"आता वाजव."

वाजवलं. पहिल्याइतका नाही, पण तोच तो गोल आवाज जमिनीतून सरकत गेला. समोर चाचांनी डोळे मिटले. मान डोलत होती, मांडीवरची बोटं माझ्या बोटांबरोबर हलत होती. धुक्यातलं स्टेज खरं झालं होतं, आणि मला त्यात चाचांशिवाय कुणी दिसतच नव्हतं. माझे डोळे भरून आले.

त्या दिवसाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. उजवा खांदा फौजदाराचा, डावा ओल्या मांजराचा.

आठवड्यानं मी कोट घेऊन दुकानात गेलो. "चाचा, नवं पॅड बसवा ना."

त्यांनी कोट उलटापालटा केला. कात्री उचलली आणि उजव्या खांद्याचंही पॅड काढून डब्यात ठेवलं.

"हे कशाला?"

"स्पेअर. पुढच्या खंडेनवमीला तुला परत सफाई सुचणार."

हसू नका. पुढच्या वर्षी खरंच लागलं ते पॅड!