नवाने भाग जाणारी मेंढी

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी स्वतः हजर होतो. म्हणजे एका किश्श्याच्या वेळी तंबाखू आणायला गेलो होतो, पण ऐकू येत होतं. नारायणगावात आमचा चौघांचा रोजचा चहा असतो. त्यात एक रिटायर झालेले गणिताचे सर आहेत. मोठा आकडा दिसला की ते आधी भागून बघतात, मग किस्से साठायला कितीसा वेळ!

•

एकदा कापडवाल्या पोपटशेठनी विचारलं, "सर, मूळ संख्या म्हणजे काय हो?"

"जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही."

पोपटशेठनी शेजारच्या धोंडिबाच्या बशीकडं पाहिलं. "म्हणजे ह्याची भजी."

•

सरांनी एक्क्याण्णव ही मूळ संख्या असल्याचं जाहीर केलं आणि घरी जाऊन वहिनींनाही सांगितलं. भाकरी थापता थापता वहिनी म्हणाल्या, "तेरा साते एक्क्याण्णव." सर दोन दिवस चहाला आले नाहीत.

•

हा धोंडिबा मेंढरं राखतो. सरकारी डॉक्टरांनी मेंढरांच्या कानात पिवळे बिल्ले मारले. प्रत्येकावर इंग्रजीत बारा आकडे. कळपाच्या पुढं चालणाऱ्या त्याच्या काळतोंडीचा नंबर सरांनी लगेच मांडला. "बेरीज त्रेसष्ट. नवाने भाग जातो."

"मंजी चांगलं का वाईट?"

"बाकी काही उरत नाही."

धोंडिबा पार शेजारच्या आळे गावापर्यंत सांगत सुटला, "आमची मेंढी नवानं जाती!"

•

आणि तीच काळतोंडी आळ्याच्या रानात तिथल्या भिका धनगराच्या कळपात मिसळली. गाभण होती. आम्ही चौघं जीपनं गेलो. भिका म्हणाला, "नंबर दावा, मेंढी न्या."

धोंडिबानं वही काढली. ३४७४ १७६५ ८२५३. बिल्ल्यावर सगळं तेच, फक्त पाचवा आकडा नऊ.

"तुमच्या वहीत एक हाय, पावणं. ही तुमची न्हाई."

धोंडिबा बिल्ला परत परत वहीशी ताडून बघू लागला. सरांनी वही घेतली.

"वहीतली बेरीज पंचावन्न. भाग जात नाही, आठ कमी पडतात. त्या एकात आठ मिळवले की नऊ. धोंडिबा, लिहिताना काय केलंस?"

"इंग्रजी आकडं मराठीत केलं, सर. ह्यो आधीच मराठी एक दिसला, म्हून तसाच ठिवला."

भिका बराच वेळ वही तिरकी करून बघत होता. मग म्हणाला, "न्या राव. नवाचं मी बी ऐकलं व्हतं. लई डोकं खाल्लं व्हतं ह्यानं."

धोंडिबानं हाक मारली, आणि काळतोंडी कळप फोडून धावत त्याच्याकडं आली.

हे धावत येणं तेवढं माझ्या पदरचं. ती जागची हलली नाही. आम्ही तिघांनी उचलून जीपमध्ये घातली, आणि सर वही धरून पुढं बसले.