येळवशीला समुद्राकडे

समुद्र कसा होता, हे सगळे विचारतात. निघालीस कशी, हे कोणी विचारत नाही. खरी मारामारी तिथंच होती. समुद्र काय, तो आपल्या जागी होताच.

मी बिदरजवळ कोळारला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. चाळिशी उलटलेली बाई. लग्नात मला दिली, नवऱ्यानं नेली, मूल होईना म्हणून माहेरी, बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरला आणून सोडली. नोकरी लागली तेव्हा बिदरच्या खोलीवरही अण्णाच सोडून गेला. तो माझा थोरला भाऊ, माणूस मायेचा. पण ट्रॉलीत घातलेल्या पोत्यासारखी मी कायम कुणाच्या तरी मागं. सायकल मात्र मी माझी घेतली, आणि कामावर माझी मी जायला लागले.

माझ्या शेजारी उभी राहून खोकी भरणारी मैत्रीण आळंदची. तीही सायकलवाली. एका रविवारी आम्ही दोघी सहज म्हणून हुमनाबादपर्यंत जाऊन आलो. पाय भरून आले होते, पण परतताना ती म्हणाली, "रस्ता तर फुडंबी हायच की." त्या एका वाक्यातून रत्नागिरीचा समुद्र निघाला. तो दोघींनीही पाहिला नव्हता.

मग तयारी. दर रविवारी जरा आणखी लांब जाऊन यायचं. पंक्चर काढायला शिकायचं. सायकलच्या दुकानातले चाचा हसले, "समंदर कू सायकल पे? बस में क्या कांटे हैं?" पण शिकवलं त्यांनी, आणि हात काळे झाल्याशिवाय सोडलं नाही.

निघायचा दिवस मैत्रिणीनं काढला, येळवशीचा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोपटासारखी कोप, तिच्यात पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यातली आंबील. नियम एकच, रस्त्यानं जाणारा उपाशी जाता कामा नये. ओळखीचा असो वा नसो, बांधावरून हाक जाते. "पयल्या दिशी डबाच नको," मैत्रीण म्हणाली. तसाही त्या दिवशी अर्धा कारखाना रिकामाच असतो, त्यामुळं रजाही मिळाली.

दिवाळीला तिला घेऊन मेहकरला गेले आणि घरात सांगितलं. अण्णाचा हात ताटातच थांबला.

"कामून? बशी बंद पडल्यात का?"

"बशीनं न्हाई जायचं."

"मंग मी गाडी करतो. समदे मिळून जाऊ. दोन दिसांत समुद्र दाखवून आनतो."

दाखवून आणतो! माझं डोकंच फिरलं. "मला कुनी दाखवायचा न्हाई. मी बघनार हाय," मी म्हणाले.

वहिनीनं मधली वाट काढली. रत्नागिरीजवळ गणपतीपुळं आहे, देवाला चाललो म्हणून सांगा, लोकांचं तोंड बंद होईल. मैत्रिणीच्या घरी आज्यापासून भिंतीवर बुद्धाची तसबीर. ती हसू दाबत म्हणाली, "वैनी, आमच्या घरी देवच न्हाई, मी कुनाचं नाव सांगू?" मी तर हसलेही नाही. पोरं गोव्याला जातात तेव्हा कुठल्या देवाचं नाव सांगतात? बाईला पाय आहेत एवढं कारण पुरत नाही का?

"आन् येळवशीला? घरचं मानूस शेत सोडून जातंय व्हय?" अण्णा ओरडला. "लोक तोंडात शेन घालतील."

"घालू दे. तोंड माझं हाय."

आई आपलं ताट उचलून आत निघून गेली. ते मला अण्णाच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही बिदरहून सायकलीवर मेहकर गाठलं. अण्णानं आमच्याकडं बघितलंही नाही. सकाळी ट्रॅक्टरवर मडकी, टोपल्या चढवून सगळे शेताला निघाले, तेव्हा मात्र तो वळला. "शेतात येत असशील तर चल. न्हाईतर तू ह्या घरचं मानूस न्हाईस."

घर रिकामं झालं. मी पायरीवर बसून राहिले. खोटं कशाला सांगू, सायकल भिंतीला लावून ट्रॅक्टरमागं पळत जावं, असंही वाटून गेलं. मग मनात आलं, घरची नाही, तर मग वाटसरू. आणि आज वाटसरूला अडवतं कोण?

आमच्या शेताला वळसा घालून जाणाराही रस्ता होता. मी तो घेतला नाही. मला चोरून जायचं नव्हतं.

बांधावर पाहुण्यारावळ्यांची गर्दी होती. आम्ही दिसलो आणि बोलणी थांबली. अण्णा कोपीपुढं उभा होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले, कारण हाक शेताच्या मालकानं मारायची असते. मी मान वळवली नाही. पेडल मारत राहिले. आमची ज्वारी संपत आली, शेवटची बाभळ मागं पडली, आणि मला कळलं, तो हाक मारणार नाही. पण पाय थांबवले नाहीत.

"ओ पावनं!" मागून त्याचा आवाज आला, फाटलेला. "जेवून जावा!"

आम्ही सायकली बांधाला टेकवून पाहुण्यांच्या पंगतीत बसलो. वाढायला अण्णा स्वतः आला. "आंबील घ्या," म्हणाला. मला, घ्या! रडू आलं, ते आंबिलीबरोबर गिळलं. मग कुठल्याही पाहुण्याला विचारावं तसं त्यानं विचारलं, "कुनीकडं चाललाव?"

दिवाळीपासून सगळ्यांनी मला कामून, कामून करून भंडावलं होतं. कुठं, असं नीट कुणी विचारलंच नव्हतं.

"समुद्राला."

"लांब हाय."

"व्हय."

त्यानं माझ्या भांड्यात आणखी आंबील ओतली. "सावकाश जावा," म्हणाला, आणि पुढच्या पानाकडं वळला.

निघताना आई आली. तिच्या हातात पिकाला शिंपडायची आंबील होती. तिनं डहाळी बुडवली आणि उभ्या ज्वारीवर शिंपडतात तशी दोन्ही सायकलींच्या चाकांवर शिंपडली. मग बाजूला झाली.

मला कुणी नेलं नाही. कुणी सोडायला आलं नाही. मी गेले.